गेल्या वर्षीचाच आकडा

गुडघ्यातली फट मोजण्यात मिलीताईचा हात धरील असं त्या इमारतीत कोणी नव्हतं. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. मिलिमीटर-मिलिमीटर करते म्हणून कोणीतरी तिला मिली केलं, पुढे वयाचा मान म्हणून ताई चिकटलं, आणि आता तर तिचा नवराही फोनवर "मिलीताई आहेत का?" असं विचारून स्वतःच हसायचा. एक्स-रेवर मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये एक काळी फट दिसते. तिथे कूर्चेची गादी असते. गादी शाबूत तर फट रुंद, गादी झिजली तर फट अरुंद, आणि हाडाला हाड टेकलं की माणूस खुर्चीतून उठताना आईला हाक मारायला लागतो, मग आई असो वा नसो. मिलीताई पडद्यावर दोन रेघा ओढून ती फट शतांशापर्यंत मोजायची. बावीस वर्षं हेच. घरी पाव कापला तरी तिचे काप एकसारखे पडतात, असं नवरा म्हणायचा. हे कौतुक आहे की तक्रार, ते तिने कधी विचारलं नाही.

पाच वर्षांपूर्वी विभागात मोठा अभ्यास सुरू झाला. तीन हजार माणसांचे गुडघे दर वर्षी मोजायचे, रक्त एकदाच घ्यायचं, त्यातल्या जनुकांच्या एकाहत्तर खुणा तपासायच्या आणि हा सगळा ऐवज संगणकातल्या एका मॉडेलला शिकवायचा. मग कोणाचा गुडघा झपाट्याने झिजेल, कोणाचा हळूहळू, आणि कोणाचा आहे तसाच राहील, हे त्याने आधीच सांगायचं. विभागात त्याला ज्योतिषी म्हणत. फरक इतकाच की याला हात दाखवायचा नाही, गुडघा दाखवायचा. भाकीत मात्र छापील यायचं, शेकड्याच्या हिशोबात, आणि छापील गोष्टीपुढे शहाणी माणसंही मान तुकवतात. मिलीताई तर फारच शहाणी होती.

मंगळवारी सकाळी साडेदहाला गणितवाला तिच्या खोलीत आला. ज्योतिष्याला शिकवणारा तो हाच. चाळिशीचा, सभ्य, दारावर टकटक करून आतून उत्तर यायच्या आत आत येणारा. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा तीन वर्षांची मोजणी त्याला तयार मिळाली होती. आज त्याच्या हातात एकच कागद होता.

"मिलीताई, एक विचारू का? रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर थांबा, आधी चहा पिऊन घेते."

तो हसला नाही. "तिसऱ्या वर्षाच्या मोजणीत दोनशे बारा माणसं अशी आहेत, की त्यांचा आकडा दुसऱ्या वर्षाशी तंतोतंत जुळतो. तीन पूर्णांक चार सात, आणि पुन्हा तीन पूर्णांक चार सात. तुम्हीच मला शिकवलंय, एकच फोटो दोनदा मोजला तरी शतांशात फरक पडतो म्हणून."

"पडतोच."

"मग हे कसं?"

"ती माणसं आलीच नव्हती हो त्या वर्षी. आकडा पुढे ओढलाय."

"ओढलाय म्हणजे?"

आता याला एवढंही कळू नये, असं तिला वाटलं. तिने करूनच दाखवलं. पडद्यावरच्या तक्त्यात एका घराचा कोपरा पकडला, माउस दाबून धरला आणि शेजारच्या घरात ओढत नेलं. आकडा तिथे मुकाट्याने उमटला. "रिकामं घर संगणक घेतच नव्हता. लाल व्हायचं आणि पुढे जाऊ द्यायचं नाही. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, गेल्या वर्षीचाच आकडा ओढा, एका वर्षात असा काय डोंगर कोसळणार आहे? शाळेत नव्हतं का, रिकाम्या जागा भरा. तसंच."

मोठे डॉक्टर आता निवृत्त होऊन घरी गुलाबांना पाणी घालत होते. त्यांना विचारायला जाण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले असते, हो, मी म्हणालो होतो, आणि चहा घेणार का.

"आणि ती माणसं आली का नव्हती?" गणितवाल्याने विचारलं. आवाज त्याने मुद्दाम सपाट ठेवला होता.

"लिफ्ट बंद होती ना. अकरा महिने. नवीन बसवत होते. मीच फोन केले सगळ्यांना. दोन मजले चढवत नाहीत म्हणाले."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. चढवत नाहीत म्हणाले. ज्यांचे गुडघे चांगले होते ते जिना चढून आले आणि त्यांची फट अर्ध्या मिलिमीटरने, पाव मिलिमीटरने का होईना, कमी झालेली दिसली. ज्यांचे गुडघे सगळ्यात वाईट होते ते आलेच नाहीत, आणि त्यांच्या नावापुढे तिने, स्वतःच्या हाताने, काहीही बदललेलं नाही असं लिहून ठेवलं. एकेका घराचा कोपरा पकडून. एका दुपारीत, रेडिओ ऐकत.

गणितवाला स्टुलावर बसला. "या दोनशे बारांच्या रक्तात एक खूण पुष्कळांना सारखी आहे. चाळिसावी. ज्योतिष्याने काढलं, की ही खूण ज्याच्यात आहे त्याचा गुडघा टिकतो. ती खूण राखणदार आहे असं धरून आपण भाकितं पाठवली." त्याने हातातला कागद उलटा ठेवला. "ती झिजवणारी खूण निघाली. कुंपणच शेत खात होतं, ताई. आणि आपण कुंपणाला शाबासकी दिली."

मिलीताईने चहाकडे पाहिलं. त्यावर साय धरली होती. तिने ती चमच्याने काढली, बशीच्या कडेला ठेवली आणि चहा प्यायली. तिला काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं, फक्त गालापुरतं नव्हतं.

"चूक तुमच्या एकटीची नाही," तो म्हणाला. "मी दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. सोमवारी सगळी भाकितं मागे घेतोय. या दोनशे बारांना वेगळं पत्र जाईल. क्रमांक आहेत माझ्याकडे, नावं तुमच्याकडे आहेत. यादी करून द्याल?"

"देते."

तो गेल्यावर ती यादी करायला बसली. क्रमांक वाचायचा, कपाटातली वही उघडायची, नाव लिहायचं. तिचं अक्षर एरवीइतकंच वळणदार पडत होतं, आणि हे तिला दिसत होतं. एकशेतिसाव्या ओळीवर क्रमांक होता अकराशे सत्तेचाळीस. त्यासाठी तिला वही उघडावी लागली नाही. अकराशे सत्तेचाळीस म्हणजे तिची नणंद.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. मिलीताईचं लग्न झालं तेव्हा धाकटी पंधरा वर्षांची होती, आणि आता पंचेचाळिशीची झाली तरी धाकटीच होती. काही नावांना वय चढत नाही. ती फरशी बसवायची. शिकली होती भलतंच काही, पण एका सुट्टीत कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फरशी बसवायला मदत केली आणि मग तिला दुसरं काही करावंसंच वाटलं नाही. पंचवीस वर्षं गुडघ्यांवर चालली होती ती, जमिनीला जमीन लावत. दोघी जेवायला बसल्या की धंद्याच्या गप्पा निघत. "तू फटी मोजतेस, मी फटी सोडते," धाकटी म्हणायची. दोन फरश्यांच्या मधल्या जागेलाही सांधाच म्हणतात, आणि फरशी वाळली की सांधे भरतात. "माझे सांधे भरून मिळतात, वहिनी. तुझ्याकडचे नाही मिळत," असं म्हणून ती अशी हसायची की भावाला घास थांबवावा लागायचा.

अभ्यासात तिला मिलीताईनेच घातलं होतं. पहिल्या वर्षी चार पूर्णांक शून्य दोन. दुसऱ्या वर्षी तीन पूर्णांक नऊ एक. तिसऱ्या वर्षी तिने फोन करून सांगितलं, कामात अडकलेय, येत नाही. मिलीताईने बरं म्हटलं आणि आकडा ओढला. पुढच्या वर्षी भाकीत आलं: झपाट्याने झिजण्याची शक्यता शंभरात नऊ. वर्ग, स्थिर. स्थिर वर्गाला दोन वर्षं फोटो काढायला यायची गरज नव्हती. आणि स्थिर वर्गाला ते नवं इंजेक्शनही नव्हतं, जे झपाट्याने झिजणाऱ्यांना गादी वाचवण्यासाठी देत होते. त्याच सुमारास कारागिरांच्या शाळेने धाकटीला शिकवायला बोलावलं होतं. टेबलाशी उभं राहून शिकवायचं, खाली बसायचं नाही. तिने मिलीताईला विचारलं, वहिनी, घेऊ का? मिलीताईने कागदाकडे बोट दाखवलं. तुझे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत, तुला हवं ते कर. धाकटीने शाळेला नाही कळवलं.

आणि गेल्या महिन्यात दोन वर्षं भरली म्हणून ती फोटोला आली. मिलीताईने मोजलं, दोन पूर्णांक एक शून्य. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. बावीस वर्षांत तिचं मोजमाप इतकं चुकलं नव्हतं. पण समोर छापील कागद होता, शंभरात नऊ, स्थिर. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. मिलीताईने आरसाच खरा धरला. पाय तिरका ठेवला गेला असेल, असं ठरवून तिने शेऱ्यात लिहिलं, फोटो पुन्हा घ्यावा, आणि धाकटीला सांगितलं, हललीस गं, परत ये कधीतरी.

यादी तिने दुपारी एकला पुरी केली. दोनशे बारा नावं, खाली रेघ, तारीख, सही. गणितवाल्याच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "एकशेतिसाव्या ओळीचं पत्र पाठवू नका. मी स्वतः सांगते."

"आज?"

"आजच."

त्याला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो बोलायच्या आत ती निघाली. बसमध्ये तिने शब्द जुळवून पाहिले. माफ कर. माझ्या हातून चूक झाली. माझ्यामुळे तुझा गुडघा गेला. तिन्ही वाक्यं बरोबर होती आणि तिन्हींना काही चव नव्हती. आपण रडू, असं तिला सकाळपासून वाटत होतं. रडू येण्याची वेळ टळून गेली तरी ते आलं नव्हतं, आणि एखादी बस चुकावी तेवढंच त्याचं वाईट वाटत होतं.

धाकटीचं काम एका जुन्या वाचनालयात चाललं होतं. पुस्तकं दुसरीकडे हलवली होती, कपाटं भिंतीला लावून कापडाने झाकली होती, आणि मधल्या मोठ्या दालनात ती एकटी, दोन्ही गुडघ्यांना जाड पॅड बांधून, एका भिंतीकडून समोरच्या भिंतीकडे सरकत होती. शेजारी कालवलेला सिमेंटचा माल, थापी, रबरी हातोडी. निम्म्याहून जास्त जमीन झाली होती. इतकी सरळ की पाहणाऱ्याने उगाच पाय पुसावेत.

"वहिनी? तू कशी इकडे? दादा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग तोंड का असं? बस की."

बसायला काही नव्हतं. मिलीताई एका उलट्या बादलीवर बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. तिने ते अहवाल वाचावा तसं सांगितलं: लिफ्ट, रिकामी घरं, दोनशे बारा, चाळिसावी खूण. कुठेही आवाज चढला नाही की पडला नाही. धाकटी ऐकता ऐकता एका फरशीवर हातोडीने हळू हळू ठोकत होती आणि कान देत होती. खाली माल कमी पडला असेल तर पोकळ वाजतं. मग तिने ठोकणं थांबवलं.

"म्हणजे माझा तो कागद खोटा?"

"चुकीचा."

"गुडघ्याला काय फरक पडतो?"

धाकटीने हातोडी खाली ठेवली.

"आणि परवाचा फोटो? मी हलले होते तो?"

"तू हलली नव्हतीस. दोन पूर्णांक एक आहे. तीनदा मोजलं."

"मग हलले का म्हणालीस?"

"कागदावर स्थिर लिहिलं होतं म्हणून."

धाकटीने हातमोजे काढले. बोटं एकेक करून, उलटे न होतील असे. "आता ते इंजेक्शन?"

"तीनच्या वर असेल तरच देतात. खाली गेल्यावर उपयोग नाही."

"त्या वर्षी तीनच्या वर होतं?"

"असेल. मोजलं नाही ना."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणत होतं.

"मी आले होते त्या वर्षी," धाकटी म्हणाली. "तुला माहीत नाही. पहिल्या वळणापर्यंत चढले. तिथे खिडकी आहे बघ, तिथे टेकले. वरून तुझा आवाज येत होता, हलू नका, हलू नका. मला पुढची पायरी चढवेना. मग उतरले, खाली गेले आणि तिथूनच तुला फोन केला, कामात अडकलेय म्हणून."

"हाक का नाही मारलीस? मी आले असते खाली."

"मारणारच होते. पण तू मोजलं असतंस. आणि तू एकदा मोजलंस की जे असेल तेच लिहितेस. सख्ख्या नणंदेला म्हणून शतांश वाढवून देणार नाहीस. मला त्या वर्षी खरं ऐकायचं नव्हतं, बस. वाटलं, एक वर्ष कोरं जाऊ दे."

धाकटीने हातमोजे जमिनीवर एकावर एक ठेवले.

"मग तो कागद आला. स्थिर. आता मी आलेच नव्हते हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, वहिनीने ती जागा कोरी ठेवली असणार आणि मशीनने रक्तावरून काढलं असणार. तू न मोजता काही लिहिशील, हे डोक्यातच आलं नाही गं माझ्या. मग मी म्हटलं, वहिनीचे आकडे आहेत, ते चुकायचे नाहीत. म्हणजे हा गुडघाच लबाड. नाटकं करतोय." ती स्वतःच्या उजव्या पॅडकडे बघत बोलत होती, त्या पायाला सांगावं तसं. "मी त्याला दमात घेतला, वहिनी. दुखला की मुद्दाम त्याच्यावरच भार टाकायचे. दोन वर्षं."

आता माफ कर म्हणायला हवं होतं. मिलीताईने तोंड उघडलंही. पण त्या शब्दाने इथे काय भरून निघणार होतं, हे तिला कळेना, आणि न मोजता एक शब्द टाकायची हिंमत तिच्यात उरली नव्हती. ती नुसती उठली. धाकटीही उठू लागली. आधी दोन्ही तळवे जमिनीला, मग डावा पाय पुढे, मग मांडीवर हात, मग मध्येच थांबून एक श्वास. मिलीताईने हात पुढे केला. धाकटीने तो पाहिला आणि बाजूच्या खिडकीची कड धरून ती उभी राहिली.

"दादाला मी सांगीन," ती म्हणाली. "माल घट्ट होत चाललाय. ही ओळ पुरी व्हायला हवी." मग तिने हातमोजे पुन्हा चढवले. "वहिनी, तुम्ही निघा आता."

मिलीताईला वाटलं आपण चुकून ऐकलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, परकर-पोलक्यातल्या नव्हे, शाळेच्या गणवेशातल्या या मुलीने तिला विचारलं होतं, तुला तू म्हटलं तर चालेल का, आणि ती चालेल म्हणाली होती. तीस वर्षांत भांडणं झाली, अबोले झाले, एकदा तर सहा महिने येणं-जाणं बंद होतं. तरी तेवढं कधी बदललं नव्हतं. सकाळपासून तिला जे कुठेच दुखत नव्हतं, ते आता दुखलं.

धाकटीचं लक्ष नव्हतं. ती पुन्हा खाली बसायला लागली होती, एकेक पाय सांभाळत.

"दाराशीची फरशी अजून ओली आहे," ती मान वर न करता म्हणाली. "जपून जा तुम्ही."